वीस बाइटचा बॅकअप

मित्रहो, सुरुवात एका आकड्याने करतो. २०. जीझिप या फाईल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला आत काहीही न देता चालवलं तरी तो एक फाईल बनवतो आणि ती भरते बरोबर २० बाइटची. तिच्यात माहिती नसते, नुसता सुरुवातीचा आणि शेवटचा शिक्का असतो. पण फाईल असते, तिला नाव असतं, तारीख असते. मी ज्या रात्रीबद्दल बोलणार आहे, त्या रात्री आमच्या बॅकअपच्या फोल्डरमध्ये अशा १४ फाईली होत्या. रोजची एक, एकही दिवस न चुकता.

झालं होतं ते असं. बॅकअपसाठी डेटाबेसमध्ये वेगळा युजर होता आणि त्याचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता. स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. रात्री मायएसक्यूएल डंप, म्हणजे आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसमधला सगळा डेटा बाहेर काढून देणारा प्रोग्राम, चालायचा, लॉगिन नाकारलं जायचं, तो बंद पडायचा. पण त्याचं आउटपुट पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणाऱ्या जोडणीने, जीझिपकडे जात होतं, आणि कमांड चालवणारा शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल बघतो. जीझिपच्या दृष्टीने काम झालेलं होतं, म्हणून स्क्रिप्टच्या दृष्टीनेही झालेलं होतं. बॅश हा शेल वापरत असाल तर पाइपफेल नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की मधली कमांड पडली तरी कळतं. आम्ही केला नव्हता. लॉगिन नाकारल्याचा निरोप क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, ईमेलने पाठवत होता, पण ती मेलपेटी नोकरी सोडून गेलेल्या माणसाची होती.

यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ होती: १४ दिवसांपेक्षा जुने बॅकअप काढून टाक. ती ओळ अगदी चोख चालत होती. रोज एक खरा बॅकअप जात होता आणि त्याच्या जागी २० बाइट येत होते. पंधराव्या दिवशी एकही खरा उरला नाही.

आता ती रात्र. सर्व्हरची डिस्क भरली. ड्यूटीवर एक तरुण सहकारी होता. जागा करायला म्हणून त्याने डेटाच्या फोल्डरमध्ये पाहिलं. तिथे आयबी-लॉगफाईल नावाच्या दोन मोठ्या फाईली आणि आयबीडेटा-१ नावाची एक अवाढव्य फाईल. पहिल्या दोन लॉग, म्हणजे काय घडलं याच्या जुन्या नोंदी, असतील, तिसरा काहीतरी साठलेला डेटा असेल, असं समजून त्याने तिन्ही डिलीट केल्या. आमची मांडणी जुनी होती, सगळी टेबलं त्या एकाच तिसऱ्या फाईलमध्ये होती. आणि ज्यांना तो लॉग समजला ते इनोडीबीचे, म्हणजे मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणाऱ्या भागाचे, रीडू लॉग. डेटाचं बदललेलं पान डिस्कवर लिहिण्याआधी बदल जिथे नोंदवला जातो ती जागा.

त्याला दोष देण्याआधी एक लक्षात घ्या. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अशाच फोल्डरचं नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होतं. डिस्क भरली की लोक 'लॉगच आहे' म्हणून तो रिकामा करायचे आणि डेटाबेस गमवायचे. २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव पीजी-वॉल केलं गेलं, ते मुख्यतः याच कारणाने. नाव माणसाला फसवतं, हे त्या मंडळींनी मान्य केलं आणि नाव बदललं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

फाईली डिलीट झाल्या, पण जागा काही मोकळी झाली नाही. डिस्क अजून १०० टक्केच. हा क्षण निर्णायक होता. अशा वेळी हात आपोआप जातो तो रीस्टार्टकडे. तो जर गेला असता तर जागा मोकळी झाली असती, आणि मी आज वेगळं व्याख्यान देत असतो. त्याने तसं केलं नाही. त्याने मला फोन केला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, 'मी डेटाच्या फाईली डिलीट केल्या आहेत.'

लिनक्समध्ये फाईल डिलीट करणं म्हणजे फोल्डरमधलं तिचं नाव पुसणं. एखाद्या प्रोसेसने ती उघडून धरली असेल, तर प्रोसेस जिवंत असेपर्यंत आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो. म्हणून तर जागा मोकळी झाली नव्हती. डेटाबेस अजून चालू होता. त्या क्षणी जगातली आमची एकमेव प्रत त्या चालू प्रोसेसच्या हातात होती. मी त्याला एवढंच म्हणालो, 'कशालाही हात लावू नकोस, मी येतो.'

आधी ॲप्लिकेशन बंद केलं, म्हणजे नव्या नोंदी थांबल्या. वेब सर्व्हरचे जुने लॉग दुसऱ्या डिस्कवर हलवून थोडा श्वास घ्यायला जागा केली. मग डेटाबेसला वाचनापुरतं कुलूप लावलं आणि दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने पूर्ण डंप सुरू केला. सर्व्हर अजून उत्तरं देतोय, तर त्याच्याकडूनच आधी सगळं मागून घ्यायचं. ही साधी गोष्ट गडबडीत सुचत नाही. डंप पूर्ण झाल्यावर फाईलची शेवटची ओळ पाहिली. मायएसक्यूएल डंप नीट संपला की शेवटी तसं लिहून ठेवतो. ती ओळ दिसेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मग फाईलींचा मार्ग. मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरू दिली, इनोडीबीच्या स्थितीत लॉगचा शेवटचा क्रमांक आणि शेवटच्या चेकपॉइंटचा क्रमांक एकच दिसेपर्यंत, म्हणजे सगळे बदल डिस्कवर पोहोचेपर्यंत, थांबलो. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसने उघडलेल्या फाईलींची यादी असते. डिलीट झालेल्यांपुढे तसं लिहिलेलं असतं. त्या तिन्ही तिथून दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या. त्यानंतरच सर्व्हर बंद केला, फाईली जागेवर ठेवल्या, मालकी मायएसक्यूएलच्या युजरला दिली आणि पुन्हा सुरू केला. सगळं परत आलं. काही तास सेवा बंद राहिली, डेटा मात्र गेला नाही.

पण सर्व्हर आधीच पडलेला असता तर? तरीही पहिलं काम तेच: त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. जमलं तर ती फक्त वाचनासाठी माउंट करायची, म्हणजे जोडायची, पूर्ण डिस्कची प्रत काढायची आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. इनोडीबीमध्ये बळजबरीने सुरू करण्याच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. पहिल्या तीन त्यातल्या त्यात सौम्य, चौथीपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. म्हणून एकापासून चढत जायचं, आणि सर्व्हर उठला की लगेच डंप घेऊन नव्या सर्व्हरवर जायचं. पोस्टग्रेसमधलं पीजी-रीसेटवॉल हेही तसंच हत्यार आहे. ते चालवल्यावर डेटाबेस सुरू होतो, पण आतलं खरं आहे का, याची हमी कुणी देत नाही. ही साधनं मूळ डिस्कवर पहिल्या दहा मिनिटांत चालवलेली मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर हातात काही उरत नाही हेही पाहिलं आहे.

'आमच्याकडे रेप्लिका आहे', म्हणजे मुख्य डेटाबेसमधला प्रत्येक बदल लगेच उचलणारा दुसरा सर्व्हर आहे, असं बरेच जण म्हणतात. चुकीचा डिलीट रेप्लिकावर काही क्षणांत पोहोचतो. रेडचंही, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर लिहिण्याच्या सोयीचंही, तेच, दोन्ही डिस्क तीच चूक इमानाने लिहितात. मुद्दाम काही तास मागे ठेवलेली रेप्लिका हा वेगळा आणि चांगला उपाय आहे. मायएसक्यूएलमध्ये ५.६ पासून आणि पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून ती सोय आहे. बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, दुसऱ्या मशीनवर जात असतील तर रात्रीचा डंप लावून चुकीच्या कमांडच्या अगदी आधीपर्यंत येता येतं. ते त्याच डिस्कवर असतील, तर डिस्कबरोबर तेही जातात.

गिटलॅब या प्रोग्रामचा कोड ठेवायच्या सेवेतली ३१ जानेवारी २०१७ ची घटना तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. रेप्लिका मागे पडली होती, ती नव्याने भरायची होती. त्यासाठीची पीजी-बेसबॅकअप ही कमांड काहीच न सांगता थांबून राहिली होती. मुख्य सर्व्हरकडून डेटा यायची वाट पाहताना ती गप्पच बसते. इंजिनिअरला वाटलं, जुनं फोल्डर आड येतंय. त्याने ते डिलीट केलं, पण रेप्लिकावर नाही, मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले तर ते ठेवायची जागा रिकामी. डंप घेणारं पीजी-डंप ९.२ आवृत्तीचं चालत होतं, डेटाबेस ९.६. जुनं साधन नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला नकार देतं. तसे ईमेल निघत होते, पण ते डीमार्क या ईमेल पाठवणारा खरा आहे का ते तपासणाऱ्या पद्धतीच्या नियमांत बसत नसल्याने नाकारले जात होते. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कची प्रत. तो बॅकअप म्हणून घेतलेलाच नव्हता, चाचणीच्या सर्व्हरसाठी घेतला होता, आणि घेणारा तोच इंजिनिअर होता. तिथल्या संथ डिस्कवरून कॉपी व्हायला सुमारे १८ तास लागले. त्यांनी ते काम सगळ्यांसमोर, थेट प्रक्षेपण करत केलं आणि नंतर सगळं सविस्तर लिहून ठेवलं. म्हणून आज मी तुम्हाला हे आकडे सांगू शकतो.

त्यांच्याकडे आणि आमच्याकडे बिघाड वेगवेगळे होते, पण ऐकू न येण्याची गोष्ट एकच होती. म्हणून आम्ही निरोपाची दिशाच उलटी केली. चुकलं तर कळव, असं आता कुठेही नाही. रोज पहाटे एक मोकळं मशीन रात्रीचा डंप घेतं, रिकाम्या डेटाबेसमध्ये तो पूर्ण रीस्टोअर करतं, मुख्य टेबलांमधल्या ओळी मोजतं आणि सगळ्यात ताजी नोंद कधीची आहे ते बघतं. मग एक छोटा निरोप येतो. तो आला नाही, तर साडेसातला दुसरं मशीन आम्हाला फोन करून उठवतं. जुने बॅकअप काढणारी ओळही आता त्या निरोपाला बांधलेली आहे. नवा रीस्टोअर यशस्वी झाल्याशिवाय जुनं काही काढता येत नाही.

ही व्यवस्था त्याच सहकाऱ्याने बांधली. निरोपात त्याने एक आकडा आपणहून घातला: रीस्टोअरला लागलेला वेळ. गेल्या काही महिन्यांत तो हळूहळू वाढतोय. आज पहाटे ३ तास ५० मिनिटं लागली. तो म्हणतो, ४ तासांच्या वर गेलं की नुसत्या डंपवर भागणार नाही, फाईलींचा बॅकअप सुरू करावा लागेल. त्याची तयारी त्याने मागच्या आठवड्यात सुरू केली आहे.