पहिल्या पन्नास कोटी वर्षांचे साक्षीदार

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे आज शालेय पुस्तकांतही छापलेले असते. परंतु तेवढ्या वयाचा एकही पार्थिव खडक आजवर सापडलेला नाही. पाऊस आणि नद्या खडकांची झीज करत राहतात, सरकणारे भूपट्ट समुद्रतळ पुन्हा प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, ओढून नेतात, आणि अगदी आरंभी तर ग्रहाचा पृष्ठभागच वितळलेला होता. त्यामुळे पृथ्वीच्या जन्माची हकीकत तिच्या स्वतःच्या खडकांकडून फारशी कळत नाही.

ती प्रथम कळली उल्कापाषाणांकडून. नवजात सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू आणि धुळीच्या तबकडीत कण एकमेकांना चिकटत गेले, त्यांचे पिंड झाले आणि पिंडांच्या टकरींतून ग्रह घडले. या बांधकामातून शिल्लक राहिलेला माल म्हणजे लघुग्रह. बहुतेक उल्कापाषाण हे त्यांचेच तुकडे होत. १९५६ मध्ये अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी अशा पाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण मोजून ४५५ कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध केले, आणि त्या आकड्यात पुढे फारसा फरक पडलेला नाही. हवेतले आणि उपकरणांवरचे शिसे नमुन्यात मिसळू नये म्हणून त्यांना प्रयोगशाळा कमालीची स्वच्छ ठेवावी लागली. पेट्रोलमधील शिशाविरुद्ध त्यांनी पुढे दिलेला लढा याच अनुभवातून उभा राहिला, पण तो स्वतंत्र चित्रफितीचा विषय आहे.

सततच्या आघातांनी आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने तापलेल्या पृथ्वीत जड लोह खाली बसले आणि गाभा तयार झाला. हलकी सिलिकेटे, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनयुक्त खनिजे, वर राहिली. त्यानंतर मंगळाएवढा एक पिंड पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र घडला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळते, आणि चंद्राचा लोहगाभा मात्र अगदीच लहान आहे. या दोन्ही गोष्टींमुळे या मताला बळ मिळते. तो चंद्र तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता आणि पृथ्वीवरचा दिवस अवघ्या काही तासांचा होता. चंद्र आजही दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर सरकतो आहे.

आता पडद्यावर दिसणारा हा कण पाहा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स या टेकड्यांत सापडलेल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या या स्फटिकाची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. ज्या खडकात तो जन्मला तो केव्हाच नष्ट झाला. कण मात्र वाहत जाऊन दुसऱ्या, नव्या खडकात रुतून बसला. झिरकॉनचा स्फटिक घडताना युरेनियमला आपल्या रचनेत सामावून घेतो, पण शिशाला जवळपास थारा देत नाही. म्हणून त्यात आज आढळणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते. त्यातही युरेनियमचे दोन समस्थानिक वेगवेगळ्या गतीने शिशात बदलत असल्यामुळे एकाच कणात दोन घड्याळे मिळतात आणि एकाची वेळ दुसऱ्याशी पडताळून पाहता येते. जॅक हिल्सच्या सर्वांत जुन्या कणांचे वय या पद्धतीने सुमारे ४४० कोटी वर्षे ठरले.

याच कणांतील काहींमध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक अपेक्षेपेक्षा अधिक आढळतो. ज्या शिलारसातून ते घडले, त्यात पृष्ठभागावरच्या द्रवरूप पाण्याच्या संपर्कात येऊन बदललेले खडक वितळलेले असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे ४३० कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीवर पाणी साचू लागले असावे. हा काळ निव्वळ धगधगत्या शिलारसाचा होता ही जुनी कल्पना त्यामुळे बरीच बदलावी लागली.

अखंड खडकांची साक्ष त्यानंतर सुरू होते. वायव्य कॅनडातील ॲकास्टा नदीकाठचे पट्टिताश्म (उष्णता व दाबाने बदललेले पट्टेदार खडक) सुमारे ४०३ कोटी वर्षांचे आहेत, तर ग्रीनलंडमधील इसुआ येथे ३७० ते ३८० कोटी वर्षांपूर्वीचा, पाण्याखाली ओतला गेल्यामुळे उशांसारखे गोलसर आकार धारण केलेला लाव्हा आजही ओळखता येतो.