टनाचा आकडा आणि माणसाचं वजन

मंडळी, क्रेन मागवताना आपण पहिल्यांदा विचारतो, ‘किती टनी?’ त्याच्याही आधी विचारायला हवं, माल किती लांब ठेवायचाय? 14 टनी हायड्रा (माल उचलून चालणारी चाकांची क्रेन) 14 टन उचलतो तो बूम, म्हणजे तिचा लांब होणारा हात, आत आणि माल अगदी तोंडाशी असतो तेव्हा. बूम लांब काढून आडवा केला, की एक-दोन टनांतच त्याची मागची चाकं हलकी होतात. त्यात हायड्रा मधल्या सांध्यातून, म्हणजे कमरेत वळला, की ताकद आणखी घटते. हे सगळं केबिनमधल्या लोड चार्टवर, म्हणजे किती अंतरावर किती माल याच्या तक्त्यावर, लिहिलेलं असतं. तो चार्ट तेलकट होऊन पुसला गेलेला असेल, तर नवा येईपर्यंत क्रेन कामाला लावू नका.

टॉवर क्रेनचंही तेच. आडव्या हातावर सरकणारी ट्रॉली खांबाजवळ असताना माल जास्त घेते, टोकाला गेली की कमी. क्रॉलर क्रेनला चाकांऐवजी पट्टे असतात, पण जमीन सपाट आणि टणक हवी. ट्रकवरच्या क्रेनचे जॅक, म्हणजे बाजूचे टेकू, पूर्ण बाहेर काढायचे आणि त्यांच्या पायांखाली जाड लाकडी स्लीपर घालायचे. कालच भराव टाकलेल्या जागेवर तर नक्कीच. शॉपमधल्या, वर रुळांवर धावणाऱ्या ईओटी क्रेनला कलंडण्याची भीती नसते, तिथे धोका वर रुळाजवळ काम करणाऱ्याला. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाचं कलम 29 सांगायचं, त्या माणसाच्या 6 मीटरच्या आत क्रेन येता कामा नये.

आता स्लिंगकडे, म्हणजे माल हुकाला टांगायच्या बेल्टकडे या, कारण माल बांधणाऱ्या खलाशाचा हात तिथे असतो. दोन टनांचा माल, स्लिंगचे दोन पाय. पाय आडव्या रेषेशी 60 अंशांत असतील, तर प्रत्येकावर साधारण 1.15 टन ताण येतो. तेच पाय फाकून 30 अंशांवर आले, की प्रत्येकावर पुरे दोन टन. माल तोच, बेल्ट तोच, फक्त हुक खाली आला. म्हणून ‘हापीस’ (उचल) म्हणण्याआधी एक पाऊल मागे येऊन तो कोन डोळ्यांनी बघा.

आणि माणूस. माझ्या उमेदीच्या काळात एका साईटवर वेल्डरला कापलेल्या ड्रममध्ये बसवून हायड्राने वर चढवला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, ड्रम झुलला आणि वेल्डरचं मनगट ड्रम आणि कॉलममध्ये सापडलं. पुन्हा त्या हाताने त्याला वेल्डिंगचा होल्डर धरता आला नाही. ड्रम मीच बांधला होता. गाठ पक्की होती, पण हायड्रा माल उचलण्यासाठी असतो, माणूस चढवण्यासाठी नाही.

माणसासाठी वेगळी यंत्रं आहेत. काम डोक्यावर सरळ असेल आणि खाली पक्की फरशी असेल, तर कात्रीसारखी उघडत सरळ वर जाणारी सिझर लिफ्ट. मध्ये पाइप, मशीन आडवं येत असेल, तर लांब हाताच्या टोकाला बास्केट असलेली बूम लिफ्ट. बूम लिफ्टच्या बास्केटमध्ये हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा हुक कठड्याला नाही, बास्केटमधल्या ठरलेल्या कडीलाच लावा, दोरी आखूड ठेवा. खाली चाक खड्ड्यात गेलं, की वर बास्केट गोफणीसारखी झटका देते आणि माणूस बाहेर फेकला जातो.

चला, बाहेर हायड्रा उभा आहे. बूम एकेक टप्पा काढू, टेपने अंतर मोजू आणि प्रत्येक टप्प्याला चार्टवरचा आकडा तुमच्यापैकी एकाने मोठ्याने वाचायचा.