डोडोवरचा आळ

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मॉरिशसचं वटवाघूळ आणि लिची'. तिकडे मी येणारच आहे. पण त्या बेटावर शिरायची वाट पोटातून जाते, म्हणून आधी धोलपुरी.

राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात धोलपुरीवाला काचेची पेटी घेऊन उभा असतो. तुम्ही एक मागितलीत तरी दोन मिळतात, कारण ती जोडीनेच विकतात. 'एन पेर' म्हणायचं. पिवळसर, इतकी मऊ की हातात धरली तर धुतलेल्या रुमालासारखी लोंबते. आत शिजवून वाटलेल्या डाळीचं कोरडं, भुरभुरीत सारण, हळद आणि जिऱ्याचं. वर मोठ्या पांढऱ्या वालांचा रस्सा, रुगाय म्हणजे टोमॅटोचा दाटसर रस्सा, मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळी. कागद तेलकट व्हायच्या आत माझी निम्मी संपली होती. आईच्या पुरणपोळीत गूळ घालायचा राहून गेला असता तर ती अशीच लागली असती. ती बिहार-भोजपूरकडच्या डाळपुरीची नात आहे हे मला माहीत आहे. पण जीभ काही नकाशा बघून चालत नाही.

1834 पासून पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. त्यांत आपले रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोकही होते. पश्चिमेला कास्कावेल म्हणून गाव आहे, तिथे एका मराठी घरी मी जेवलो. आजींना मराठी बोलता येत नव्हतं, घरात सगळं क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. पण मी 'सुखकर्ता' म्हणायला सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीपर्यंत आजी माझ्या पुढेच होत्या! नातवाने जाखडीचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या नाचाचा, ठेका धरून दाखवला. आपल्या वाड्यांमध्ये जाखडी किती जणांना येते, हात वर करा बघू. बघा, फार हात दिसत नाहीत.

तर त्या जेवणात मी सहज विचारलं, "या ताटातलं माणूस यायच्या आधीपासून या बेटावर असलेलं काय आहे?" सगळे विचारात पडले. भात? बाहेरचा. डाळ, मिरची, हळद? बाहेरची. हरणाची करी तिथे मोठ्या मानाची, पण हरीण जावाहून आलेलं. 1639 साली डच गव्हर्नर आद्रियान फान देर स्टेल याने हरणंही आणली आणि ऊसही. रानडुक्कर बाहेरचं. तांग नावाचा काटेरी प्राणी लोक आवडीने खातात, तो मादागास्करचा. शेवटी नातू म्हणाला, "मासे!" आणि तेवढंच उत्तर निघालं. समुद्रातलं तेवढं मूळचं, जमिनीवरचं सगळं जहाजातून आलेलं.

आता माझं जुनं दुखणं सांगतो. डोडो माणसाने खाऊन संपवला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. तिथल्या एका मार्गदर्शकाने तर "फार चविष्ट होता" असं सांगून टाकलं. मला राहवेना. 1598 साली डच खलाशी उतरले, त्यांनीच त्या पक्ष्याला 'वाल्गफोगल' म्हटलं, म्हणजे किळसवाणा पक्षी! जास्त शिजवावं तसं मांस चिवट होई, अशी त्यांची तक्रार होती. छाती आणि पोटाचा भाग बरा लागे, पण शेजारीच मऊ मांसाची पारवी मिळत असताना डोडोच्या मागे कोण लागणार? खाल्ला, नाही असं नाही. पण डचांची वस्ती कधी काहीशेच्या वर गेली नाही. तेवढ्या तोंडांनी अख्ख्या बेटावरचा पक्षी संपत नसतो. संपवला तो जहाजातून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. उडता न येणारा पक्षी, घरटं जमिनीवर, आणि अंड्यांवर ताव मारणारं कुणी त्याने आजवर पाहिलेलंच नव्हतं. 1662 नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. आणि हा कुणी परका नव्हे, कबुतरांच्या कुळातला. आज जिवंत असलेलं त्याचं सगळ्यात जवळचं नातलग म्हणजे आपल्या निकोबारकडचं कबूतर. हे मला फार लागतं, म्हणून मी दर ठिकाणी सांगतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. वाघळाकडे येतो.

त्या बेटावर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी एकही नव्हता, वटवाघळं सोडून. तिथलं मोठं फळवाघूळ रानातली फळं खातं आणि बिया दूरवर टाकतं. हे काम पूर्वी महाकाय कासवंही करत, ती संपली. आता इल-ओ-एग्रेत या लहान बेटावर सेशेल्सच्या आल्डाब्रा बेटाची महाकाय कासवं आणून सोडली आहेत, ती तिथल्या मूळच्या आबनूसाची फळं खाऊन बी पेरतात. पण मुख्य बेटावर मोठ्या बियांना आता मुख्य आधार वाघळाचाच. आणि चांगलं मूळचं रान उरलंय दोन टक्क्यांहून कमी. मग नोव्हेंबर-डिसेंबरात लिची पिकली की वाघूळ बागेत उतरणारच. 2015 साली सरकारने मोहीम काढून तीस हजारांच्या वर वाघळं मारली, पुढेही मारली. 2018 साली धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात संकटग्रस्त ठरली.

बागायतदाराचं नुकसान होतं, हे मी नाकारत नाही. तुमच्यातले निम्मे कलमवाले आहात, माकडांनी ओरबाडलेला आंबा तुम्हाला मी काय सांगू! पण तिथे लिची उंदीरही खातात, भारतातून नेलेली साळुंकी आणि शिपाई बुलबुलही खातात. आळ मात्र सगळा त्या एकट्या मूळच्या रहिवाशावर.

उपाय आहे, तो जाळीचा. झाड छाटून बुटकं ठेवायचं, चौकट उभी करून जाळी ताणून बसवायची. सैल सोडली तर वाघूळ त्यात अडकून मरतं आणि फळही जातं. तिथला चार पक्ष्यांवर आलेला ससाणा माणसांनी परत वाढवलाय. 1974 साली रानात चारच माहीत होते. कार्ल जोन्स या वेल्श माणसाने घरट्यातली अंडी उचलून उबवली, आणि मादीने दुसऱ्यांदा अंडी घातली. इतकं केलेल्या बेटाला जाळी जड नाही.

वेळ संपली. जाळीचा खर्च आणि छाटणीबद्दल ज्यांना बोलायचंय, त्यांनी खाली चहापाशी मला गाठा.