आधी उतार, मग इमारत

पडद्यावर दिसणारा हा छोटा दगडी मनोरा म्हणजे कात्रजहून पुण्यात येणाऱ्या जुन्या नळावरचा उच्छ्वास आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला बांध घालून अडवलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणले गेले. या वाटेवर पाणी ढकलणारे कोणतेही यंत्र नव्हते. पाणी केवळ उताराने वाहत असे, आणि नळात कोंडलेली हवा मोकळी व्हावी म्हणून जागोजागी हे उच्छ्वास उभारलेले होते. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

उच्छ्वासामागे दिसणाऱ्या उंच इमारतींची गोष्ट मात्र वेगळ्या क्रमाने घडली. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आली आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. यांतल्या बऱ्याच गावांत तोवर शेताच्या बांधाला लागून बारा-बारा मजले चढलेले होते. रस्ता गाडीवाटेइतका, पाणी ग्रामपंचायतीच्या विहिरीचे किंवा बोअरवेलचे, आणि सांडपाणी जवळच्या ओढ्याला, अशी तिथली व्यवस्था होती. वस्ती आधी आली आणि नळ मागाहून शोधावा लागला.

सकाळी सहा वाजता सोसायटीच्या फाटकाशी उभी असलेली ही टँकरची रांग पाहा. चारशे सदनिका आणि प्रत्येकी चार माणसे धरली, तर सोळाशे माणसे होतात. मलनिस्सारण असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने या एका सोसायटीला रोज २ लाख १६ हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर या बावीस फेऱ्या झाल्या. पण हिशेब इथे संपत नाही. आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी मैलापाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे जवळपास पावणेदोन लाख लिटर. पाणी टँकरने आणता येते, म्हणून ते डोळ्यांसमोर राहते आणि त्याबद्दल ओरड होते. मैलापाणी कोणत्या वाटेने जाते, हे मात्र सदनिका घेताना क्वचितच कोणी विचारते.

आता आपण शहराच्या कडेच्या एका रस्त्यावर, मलवाहिनीच्या चरापाशी आहोत. तिपाईवर लेव्हल यंत्र लावून एक तंत्रज्ञ भिंगातून पाहतो आहे, आणि समोर चराच्या तळाशी त्याचा सहकारी मापाची पट्टी सरळ धरून उभा आहे. ही पट्टी बोटभर इकडेतिकडे झाली, तरी नळीचा उतार चुकतो. पिण्याच्या पाण्याची वाहिनी दाबाखाली असते, त्यामुळे ती चढावरूनही नेता येते. मलवाहिनी मात्र अर्धवट भरून, स्वतःच्या उताराने वाहावी लागते. प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरपेक्षा कमी झाला, तर मैला आणि रेती तळाशी बसते. शिवाय नळी पूर्ण भरून वाहेल असे कधी धरले जात नाही, वरचा काही भाग हवेसाठी मोकळा ठेवतात, आणि नळीचा व्यास आजच्या वस्तीवरून न ठरवता तीस वर्षांनंतरच्या वस्तीवरून ठरवतात.

उताराची खरी किंमत अंतर वाढते तेव्हा कळते. दोनशे मीटरला एक मीटर उतार धरला आणि जमीन सपाट असली, तर दोन किलोमीटरवर नळी दहा मीटर खोल जाते. पडद्यावर चराच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या या लोखंडी फळ्या माती ढासळू नये म्हणून आहेत. खोली वाढली की त्या वाढतात आणि खर्चही वाढतो. एका मर्यादेपुढे खोदणे शक्य नसते, तेव्हा पंपिंग स्टेशन बांधून मैलापाणी वर उचलावे लागते आणि पुढे पुन्हा उताराला लावावे लागते. वीज गेली आणि पर्यायी सोय नसली, की तेच पाणी शेजारच्या नाल्यात उतरते.

मोकळ्या जमिनीवर हे काम सोपे असते, कारण तिथे ओढ्याची नैसर्गिक वाट दिसते आणि नळी त्या वाटेच्या कडेने नेता येते. इमारती उभ्या राहिल्यावर तीच वाट कुंपणे, तळघरे आणि वाहनतळ यांनी अडवलेली असते. जलवाहिनी मलवाहिनीपासून शक्यतो तीन मीटर दूर आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी, असा तांत्रिक दंडक आहे; सहा मीटरच्या रस्त्यात विजेच्या तारा, गॅसची नळी आणि पावसाळी गटार आधीच बसलेले असेल, तर हे तीन मीटर आणायचे कुठून? शिवाय पाणी ठरावीक तासच येत असेल, तर उरलेल्या वेळी रिकाम्या नळीतल्या फटींमधून बाहेरची घाण आत ओढली जाते.

मुळा-मुठा स्वच्छ करण्यासाठी जपानच्या अर्थसाहाय्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्यात मैलापाणी शुद्धीकरणाचे ११ प्रकल्प असून त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर आहे. नदीकाठचे हे काँक्रीटचे हौद त्यांपैकी एका प्रकल्पाचे आहेत. ही आखणी झाली तेव्हा ती ३४ गावे महापालिकेच्या हद्दीत नव्हती, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये याच गावांपैकी सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी आणि लगतच्या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. शहर आणि परिसरातील रुग्णसंख्या दोनशेपलीकडे गेली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले.

आधी वस्ती, मग नळ हा क्रम उलटवण्याचा कायदेशीर मार्ग मात्र उपलब्ध आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात नगररचना योजनेची तरतूद आहे. तीत शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून आधी रस्ते, नळ, मलवाहिन्या आणि मोकळ्या जागा आखल्या जातात, आणि उरलेले भूखंड मूळ मालकांना नव्या आकारात परत दिले जातात. जमिनीची वाढलेली किंमत सुविधांच्या खर्चाला हातभार लावते. यात वेळ लागतो, मालकांच्या हरकती ऐकाव्या लागतात, आणि म्हणूनच ही वाट टाळली जाते. भूखंडावर पाया पडण्याआधी त्याच्या दारात चेंबर तयार असावा, आणि मलवाहिनी जोडल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये, अशी आमची मागणी आहे.

चरातल्या माणसाने पट्टी उचलून पुढच्या खुंटीवर ठेवली आहे. डावीकडचे हे तीन भूखंड अजून मोकळे आहेत, आणि त्यांच्या कडेने दोरी ताणून नळीची रेषा आखली जात आहे.