तीन पिनांचा प्लग: मलेशियातून ब्रिटनला शिकायला जाताना

[दृश्य: क्वालालंपूरमधला फ्लॅट. फरशीवर उघडी बॅग. राइस कुकरची वायर गुंडाळणारे हात.]

हा प्लग नीट बघा. तीन जाड, चौकोनी पिना, वरची जरा लांब. पोटात एक छोटा फ्यूज. मलेशियात घरोघरी हाच प्लग असतो आणि ब्रिटनमध्येही हाच. पुण्या-नाशिकहून जाणाऱ्या मुलाला आपल्या गोल पिनांसाठी अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. इपोहच्या किंवा पेनांगच्या मुलीला तो लागत नाही. तिचा कुकर लीड्समधल्या भिंतीत सरळ बसतो.

बसतो, म्हणून ती तो झोपायच्या खोलीत लावते. आणि वसतिगृहाच्या बहुतेक करारांत नेमकं हेच मना असतं. शिजवायची उपकरणं फक्त सामायिक स्वयंपाकघरात चालतात. खोलीतला स्मोक डिटेक्टर वाफेनंही वाजतो, आणि तो वाजला की रात्री दोन वाजताही सगळी इमारत खाली उतरते. कुकर न्यायचाच असेल, तर आधी वसतिगृहाला मेल करून विचारावं. काही ठिकाणी विजेच्या उपकरणाची सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय ते वापरू देत नाहीत.

मलेशियन विद्यार्थ्याला ब्रिटन परकं वाटत नाही. गाड्या डावीकडून धावतात, इंग्रजी शाळेपासूनचं, कायद्याची घडणही ओळखीची. म्हणूनच सगळं आपल्यासारखंच असणार असं धरून चालणं त्याला महाग पडतं.

[दृश्य: लाल मुखपृष्ठाचा मलेशियन पासपोर्ट.]

सगळ्यात महाग पडतो तो पासपोर्ट. मलेशियन नागरिकाला ब्रिटनला फिरायला जायचं तर व्हिसा लागत नाही. ८ जानेवारी २०२५पासून ईटीए ही ऑनलाइन पूर्वपरवानगी तेवढी घ्यावी लागते. मग घरात कोणीतरी म्हणतं, आधी जा, तिथून स्टुडंट व्हिसाचं बघता येईल. तसं होत नाही. पाहुणा म्हणून आत गेलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहून विद्यार्थी व्हिसावर बदलता येत नाही. त्याला देश सोडून, बाहेरूनच अर्ज करावा लागतो, आणि तोवर सत्र सुरू झालेलं असतं. सहा महिन्यांपेक्षा मोठा अभ्यासक्रम असेल तर स्टुडंट व्हिसा घेऊनच विमानात बसायचं. सोबत सोडायला येणाऱ्या आईवडिलांना मात्र ईटीए पुरतो, पण तो प्रत्येकाचा वेगळा काढावा लागतो.

दुसरी गफलत होते जोहोर बारूमध्ये. पुलापलीकडे सिंगापूर, तिथले मित्र, त्यांचा सल्ला. पण सिंगापूरला ज्या सवलती आहेत, त्या सगळ्या मलेशियाला नाहीत. इंजिनिअरिंग आणि विज्ञानातल्या काही विषयांत मास्टर्स किंवा पीएचडी करायची, तर एटास नावाचं सुरक्षा मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं. सिंगापूरच्या नागरिकांना ते माफ आहे, मलेशियाच्या नाही. त्याला शुल्क नाही, पण आठवडे जातात, आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. हीथ्रोवरही तेच. सिंगापूरचा मित्र स्वयंचलित ई-गेटमधून निघून जातो, मलेशियन पासपोर्टवाल्यानं अधिकाऱ्याच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभं राहायचं.

[दृश्य: दवाखान्याची पाटी. छातीचा एक्स-रे.]

आता कामांचा क्रम. विद्यापीठानं प्रवेश पक्का केला की ते कॅस क्रमांक देतं, म्हणजे व्हिसाच्या अर्जात भरायचा प्रवेशाच्या पुष्टीचा क्रमांक. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी सहा महिन्यांपासून व्हिसाचा अर्ज करता येतो. पण कॅसची वाट बघत बसू नये, त्याआधी टीबीची तपासणी उरकावी. मलेशियात राहणाऱ्यांना ती सक्तीची आहे, आणि ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या दवाखान्यातच केलेली चालते. नेहमीच्या डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं. एक्स-रे स्वच्छ असेल तर काम लवकर होतं. त्यात जराही शंका आली, तर थुंकीचे नमुने घेतात, आणि त्यांच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडेही लागतात. ऑगस्टमध्ये तपासणीला गेलेल्या मुलाचं सप्टेंबरचं विमान इथेच चुकतं.

पैशांचा नियम असा आहे. फीखेरीज राहण्या-जेवण्याचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५पासून तो लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी. म्हणजे मँचेस्टर किंवा शेफील्डला जाणाऱ्यानं १०,५३९ पौंड दाखवायचे. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मलेशिया कमी जोखमीच्या देशांच्या यादीत असल्यामुळे ही कागदपत्रं सहसा अर्जासोबत जोडावी लागत नाहीत. ती मागितली जाऊ शकतात मात्र, आणि मागितल्यावर गोळा करायला निघालं तर २८ दिवस कुठून आणणार? वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे केडब्ल्यूएसपीतला पैसा, वापरायचा असेल तर तो आधी काढून बँकेत आणावा. खातं आईवडिलांच्या नावावर असेल, तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. दाखला फक्त मलयमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावं लागतं.

मलेशियात वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी इथे एक ओळ जास्तीची. वर सांगितलेली कागदपत्रांची सवलत पासपोर्टवर अवलंबून असते, राहत्या देशावर नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला क्वालालंपूरमधून अर्ज करतानाही पैशांची कागदपत्रं जोडावीच लागतात.

याशिवाय आरोग्य अधिभार आहे, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचं शुल्क. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो. तीन वर्षांच्या पदवीचा व्हिसा पुढची-मागची मुदत धरून तीन वर्षांच्या थोडा वर जातो, म्हणून हिशेब २,७१६ पौंडांपर्यंत पोचतो. व्हिसा फी वेगळी. ज्यांना जेपीए किंवा मारा या मलेशियन सरकारी संस्थांची शिष्यवृत्ती आहे, त्यांनी प्रायोजकाच्या पत्रात रक्कम आणि मुदत स्पष्ट लिहिली आहे ना, हे पाहून घ्यावं.

[दृश्य: ऑनलाइन फॉर्म. "फर्स्ट नेम", "लास्ट नेम" असे दोन रिकामे चौकोन.]

हे दोन चौकोन पुढे तीन वर्षं छळू शकतात. मराठी माणसाचं नाव तीन भागांचं असतं आणि शेवटी आडनाव. मलय नावात आडनावच नसतं. आपलं नाव, मग "बिन" किंवा "बिन्ती", मग वडिलांचं नाव. मलेशियन तमिळ नावांत मध्ये "ए/एल" किंवा "ए/पी" असतं, म्हणजे अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी. चिनी नावांत घराण्याचं नाव पहिलं येतं. ब्रिटनमधला फॉर्म शेवटचा शब्द आडनाव समजतो. मग बँकेचं पत्र वडिलांच्या नावानं येतं, दवाखान्यात मुलीला तिच्या वडिलांच्या नावानं हाक मारतात, आणि विद्यापीठातलं नाव एक, व्हिसावरचं दुसरं, बँकेतलं तिसरं असा घोळ होतो. तिरपी रेघ तर कित्येक फॉर्म घेतच नाहीत. उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्याच क्रमानं, पहिल्या अर्जापासून सगळीकडे. कॅसवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघावं आणि चूक असेल तर व्हिसाच्या अर्जाआधीच दुरुस्त करून घ्यावी.

आता व्हिसा कागदावर येत नाही. तो ई-व्हिसा असतो आणि ऑनलाइन खात्यात दिसतो. ते खातं पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेलं असतं, म्हणून लंडनच्या उच्चायुक्तालयातून पासपोर्ट नवा करून घेतला की खात्यातही तो बदलायचा.

मलेशियात परतून वकिली किंवा डॉक्टरकी करायची असेल, तर प्रवेश स्वीकारण्याआधी एक चौकशी हवीच. वकिलीसाठी मलेशियाचं लीगल प्रोफेशन क्वालिफाइंग बोर्ड ठरावीक विद्यापीठांच्याच पदव्या मानतं, डॉक्टरांसाठी मलेशियन मेडिकल कौन्सिलची यादी असते. नाव मोठं म्हणून पदवी मान्य, असं गृहीत धरू नये. आणि जे दोन वर्षं मलेशियात, शेवटचं वर्ष ब्रिटनमध्ये अशा "टू प्लस वन" पद्धतीनं शिकतात, त्यांनी पदवीनंतर तिथे नोकरी शोधायच्या ग्रॅज्युएट व्हिसाचा नियम वाचावा. बारा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी साधारणपणे किमान बारा महिने विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनमध्ये काढलेले लागतात. शेवटचं शैक्षणिक वर्ष नऊ-दहा महिन्यांतच संपतं. आपल्या बाबतीत काय, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. शिवाय १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना या व्हिसावर दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार आहेत.

[दृश्य: बॅगेत ठेवलेल्या पुड्या. सुके मासे, सांबाल, मसाले.]

आई बॅग भरते तेव्हा पहिला डबा सेरुंडिंगचा असतो. मसाला घालून परतून परतून सुकवलेलं गोमांस, महिनोन् महिने टिकणारं. तो डबा काढून ठेवा. युरोपबाहेरून ब्रिटनमध्ये मांस, मांसाचे पदार्थ, दूध आणि दुधाचे पदार्थ खाजगी सामानातही नेता येत नाहीत. पाकीट सीलबंद असलं तरी नाही, पार्सलनं पाठवलं तरी नाही. रेंडांगचा तयार मसाला चालतो, ज्यात मांस आहे ते रेंडांग चालत नाही. इकान बिलिस, म्हणजे ते बारीक सुके मासे, मासळीत मोडतात, त्यांना ही बंदी लागू नाही. ते घट्ट बांधून न्यावेत, आणि बेलाचानला, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या वडीला, तर तीन पिशव्या घालाव्यात, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागतो. ताजी पानं, फळं, बिया यांचे नियम वेगळे आहेत, ती घरीच ठेवलेली बरी. तांदूळ आणि नारळाचं दूध वाहून नेण्यात अर्थ नाही. मोठ्या शहरांतल्या चिनी दुकानांत दोन्ही मिळतं.

निघण्याआधी बँकेचं एक काम. मलेशियन डेबिट कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ते स्वतः चालू करून घ्यावे लागतात. बँकेचं अ‍ॅप त्याच फोनवर राहू द्यावं आणि मलेशियन सिम रिचार्ज करत जिवंत ठेवावं. सिम बंद पडलं आणि फोनही बदलला, तर आपल्याच पैशांपर्यंत पोचायला महिना जातो.

[दृश्य: विटांच्या घरांची रांग. खिडकीच्या काचेवर आतून साचलेलं पाणी.]

पहिलं वर्ष बहुतेकजण वसतिगृहात काढतात. दुसऱ्या वर्षी चौघं मिळून घर घेतात, आणि मलेशियातली सवय इथे आडवी येते. तिकडे दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ देणं रीतीचं आहे, म्हणून जास्त मागितलं तरी मुलं देऊन टाकतात. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाड्याच्या घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते घरमालकानं ३० दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत जमा करायचं असतं, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. १ मे २०२६पासून खाजगी भाडेकरूकडून एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ घेण्यालाही बंदी आली आहे. त्यामुळे घरमालकानं जामीनदार मागितला की सहा महिन्यांचं भाडं एकरकमी देऊन तो प्रश्न मिटवायची जुनी वाट बंद झाली. जामीनदाराचं काय करायचं, हे घर बघायला जाण्याआधीच ठरवावं.

करारावर चौघांची नावं एकत्र असतील, तर एकानं भाडं बुडवलं की बाकीच्या तिघांना भरावं लागतं. चौघंही पूर्ण वेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, माफ असतो, त्यातला एक जरी नोकरदार असला तर बिल येतं. माफी आपोआप मिळत नाही. विद्यापीठाचं प्रमाणपत्र कौन्सिलकडे पाठवावं लागतं.

आणि ही खिडकी. मलेशियातलं घर दिवसरात्र वारा खेळतं ठेवतं. इथे थंडीत सगळं बंद, आणि ओले कपडे खोलीतल्या रेडिएटरवर वाळत घातलेले. ते पाणी हवेत जातं, गार काचेवर आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर जमतं, आणि डिसेंबरपर्यंत तिथे काळी बुरशी धरते. घर सोडताना ती साफ करायचा खर्च डिपॉझिटमधून कापायला बघतात. रोज दहा मिनिटं खिडकी उघडावी, भात शिजताना झाकण आणि पंखा, कपडे शक्यतो ड्रायरमध्ये. घर ताब्यात घेतलं त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

डॉक्टरकडे नाव आजारी पडायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात नोंदवावं. मलेशियात कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये शिरलं की तासाभरात तपासणी होते आणि गोळ्याही तिथेच मिळतात. इथे आधी वेळ घ्यावी लागते आणि औषध वेगळ्या फार्मसीतून आणावं लागतं. रात्री काय करावं सुचलं नाही तर १११ला फोन करावा, जिवावरचं असेल तर ९९९ला. मेनिंजायटिसची लस २५ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना मोफत मिळते, ती टाळू नये.

पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वतःचा धंदा करता येत नाही. स्वयंपाकघरातून नासी लेमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, ऑर्डरी घेणं निरागस वाटतं, तरी ते स्वयंरोजगारात येतं आणि व्हिसाच्या अटी मोडतं. हौसेनं खाऊ घालायला अर्थातच कोणाची हरकत नाही. लंडनमध्ये असलात तर बेझवॉटरच्या क्वीन्सबरो टेरेसवर मलेशिया हॉल आहे, नासी लेमाक आणि गावाकडची बोली एकाच ठिकाणी.

[दृश्य: दुपारची वेळ. दिवे लागलेला रस्ता.]

क्वालालंपूरमध्ये वर्षभर संध्याकाळी सात-साडेसातला सूर्य मावळतो. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आत, अ‍ॅबर्डीनमध्ये साडेतीनच्याही आधी. नमाज पढणाऱ्यांची दुपारची आणि संध्याकाळची वेळ लेक्चरांच्या मधे येते, तेव्हा प्रार्थनेची खोली कुठे आहे ते सप्टेंबरमध्येच शोधून ठेवावं. ब्रिटनची आरोग्यसेवा हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते. गोळी स्वस्त आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात. मलेशियाची जात नाहीत. सात तासांचा फरक आठ तासांचा होतो. जेवणानंतर दहाला फोनजवळ बसणाऱ्या आईला हे आधी सांगून ठेवावं. त्या दिवसापासून तिचे रात्रीचे दहा म्हणजे इथले दुपारचे दोन, आणि सोमवारी दोनला तास असतो.