मागे न वळणारी अंत्ययात्रा

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरच्या दशकातल्या युरोपियन रॉकचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं इंग्लंडपासून सुरू होतं आणि फार झालं तर जर्मनीपर्यंत पोचतं. मला आज तुम्हाला त्याच्याही पूर्वेला न्यायचं आहे. १९७० साली, कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडमध्ये 'एनिगमॅटिक' नावाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिची एक अख्खी बाजू एकाच गाण्याने व्यापली आहे. सोळा मिनिटांहूनही लांब. गायक, संगीतकार आणि हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारं कीबोर्ड वाद्य) वाजवणाराही एकच, चेस्वाव नीमेन. गाण्याचं नाव 'बेमा पामेंची झावोब्नी राप्सोद', म्हणजे बेमच्या स्मृतीला वाहिलेली शोकगाथा. पोलंडमध्ये या गाण्याला मोठा मान आहे. बाहेर मात्र ते फार थोड्यांनी ऐकलंय, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

हा बेम कोण? युझेफ बेम हा पोलिश सेनानी. १८३०-३१ मध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला, तेव्हा त्याने तोफखाना गाजवला. उठाव चिरडला गेला, त्याला देश सोडावा लागला. १८४८-४९ मध्ये तो हंगेरीच्या बाजूने ट्रान्सिल्व्हेनियात लढला, तिथेही शेवटी पराभवच झाला. मग तुर्की साम्राज्यात आश्रय घेऊन, इस्लाम स्वीकारून तो मुराद पाशा झाला आणि १८५० च्या डिसेंबरात अलेप्पोत वारला. त्याच्या अस्थी मायदेशी, तार्नूफ या त्याच्या जन्मगावी यायला १९२९ साल उजाडलं. तिथे एका तळ्याच्या मधोमध, उंच खांबांवर त्याची शवपेटी ठेवली आहे.

बेम गेला त्याच्या पुढच्याच वर्षी सिप्रियान नॉर्विद या कवीने त्याच्यावर कविता लिहिली. परमुलखात मातीआड गेलेल्या या माणसाला त्याने शब्दांतून अंत्ययात्रा दिली, तीसुद्धा एखाद्या प्राचीन स्लाव्ह सरदाराला शोभेल अशी. गुडघ्यांशी खेळणाऱ्या मशालींच्या ठिणग्या, मेणबत्त्यांच्या आसवांनी भिजलेली तलवार, ससाणा, नर्तकासारखा पाय उचलणारा घोडा, शोक करणाऱ्या मुली, कुऱ्हाडी बडवणारी पोरं. आणि ही यात्रा थडग्यापाशी संपतच नाही. झोपलेल्या शहरांच्या वेशी ठोठावत, बायबलमधल्या जेरिकोच्या भिंती कोसळेपर्यंत ती चालत राहते. कवितेचे अखेरचे शब्दच आहेत: 'पुढे, पुढे'.

आता नीमेनने काय केलं ते सांगतो, कारण माझा जीव अडकलाय तो तिथेच. कविता आधी आणि चाल मागून, हे भावगीतांवर वाढलेल्या आपल्या कानांना नवं नाही. पण भावगीतात आपण प्रत्येक कडव्यानंतर धृपदावर परत येतो. या गाण्याला धृपदच नाही. नॉर्विदने ग्रीक-लॅटिन महाकाव्यांच्या धर्तीवर सहा आघातांच्या लांबलचक ओळी लिहिल्या होत्या. नीमेनने त्या तोडल्या नाहीत, आखडल्या नाहीत आणि एकही ओळ मुखडा म्हणून घोळवली नाही. स्मशानाकडे निघालेली माणसं मध्येच मागे फिरत नाहीत, तसं हे गाणंही फिरत नाही. घंटा, समूहगान आणि ऑर्गन यांच्यातून ते संथपणे उभं राहतं. मग त्या लांब ओळी एकामागून एक येत राहतात आणि पहिल्या मिनिटाला जिथे होतो तिथे आपण पुन्हा कधीच पोचत नाही. त्या काळात लांब रॉक गाणी पुष्कळ झाली. त्यातली बरीच वादकांना हात मोकळे करायला जागा हवी म्हणून लांबली. इथे लांबी आहे ती वाट लांब आहे म्हणून.

वादकही कसे निवडले आहेत पाहा! झ्बिग्न्येव नामिस्वोफ्स्की आणि मिखाव उर्बान्याक, दोघेही पोलिश जॅझमधली मोठी नावं. ध्वनिमुद्रिकेवर दोघांचे सॅक्सोफोन आहेत.

आणि नीमेनचा आवाज! अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सोल गायकांचा त्याच्यावर गाढा प्रभाव. १९६७ साली पोलंडमधल्या ओपोले शहराच्या गीतमहोत्सवात त्याने गळा फाडून गायलेल्या गाण्याने पोलंड हादरलं होतं. तोच आवाज इथे बराच वेळ आवरलेला आहे. शब्द जवळजवळ पठणासारखे येतात, एकेक व्यंजन स्पष्ट. आणि जेव्हा तो आवाज मोकळा सुटतो, तेव्हा शोकाचं आव्हान झालेलं असतं. मला पोलिश येत नाही, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

पुढे नीमेनने अमेरिकेत याचं इंग्रजी रूपही ध्वनिमुद्रित केलं, 'मोर्नर्स रॅप्सडी' या नावाने. साथीला यान हॅमर आणि रिक लेअर्ड, म्हणजे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक गटातली माणसं. वादन उत्तम आहे, पण त्या लांब ओळींची चाल पोलिश शब्दांच्या आघातांवर बेतलेली, ती इंग्रजीत तशी पडत नाही. तेव्हा सुरुवात १९७० च्या मूळ गाण्यापासूनच करा, आणि सोळा मिनिटं सलग ऐका. मध्ये उठू नका.