बोनेअर : सुट्टी वाऱ्याच्या हिशेबाने

(दृश्य : विमानातून दिसणारं बेट)

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण 80 किलोमीटरवर हे बोनेअर. बेट नेदरलँड्सचं, चलन अमेरिकन डॉलर. वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडूनच येतो. म्हणून त्या अंगाला लाटा आपटतायत आणि पश्चिमेला पाणी संथ पडलंय. इथली सुट्टी आखायची ती यावरूनच. वाळूत लोळायला येणार असाल तर हे बेट तुमचं नव्हे.

(दृश्य : लाक बे, विंडसर्फिंग)

लाक बे या खाडीच्या तोंडाशी प्रवाळाची रांग आहे. लाटा तिथंच फुटतात, वारा आत येतो. पाणी कमरेएवढं. पडलात तर उभं राहायचं, शीड ओढून घ्यायचं, पुन्हा निघायचं. फ्रीस्टाइलचा, म्हणजे विंडसर्फिंगमधल्या कसरतींचा, 2013 चा जगज्जेता किरी थोड याच बेटावरचा. शिकायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा, वारा पडतो. डायव्हिंगवाल्यांना मात्र तेच दिवस सोयीचे.

(दृश्य : पिकअप, पिवळा दगड)

पश्चिमेच्या रस्त्याला पिवळा दगड दिसला की गाडी थांबवायची, तिथं डायव्हिंगची जागा आहे. दगडावर जागेचं नाव रंगवलेलं असतं. हवेची टाकी पाठीला लावा, चालत पाण्यात शिरा. बोट लागत नाही. अशा जागा पन्नासच्या वर आहेत. गाडीत मात्र काही ठेवू नका. इथले लोक काचाही उघड्याच ठेवतात, निदान फुटत तरी नाहीत!

(दृश्य : पाण्याखाली)

कुरकुर ऐकू येतेय? पोपटमासा चोचीनं प्रवाळ खरवडतोय.

हे पाणी आपसूक असं राहिलेलं नाही. 1962 मध्ये डॉन स्टुअर्ट हा अमेरिकन खलाशी शिडाच्या जहाजातून इथं आला. तेव्हा पाण्याखाली जायचं ते भाल्यानं मासे मारायला, आणि तोही मारायचा. पुढे त्यानंच बंदीचा आग्रह धरला. 1971 मध्ये भाला बंद झाला. नांगर प्रवाळ चिरडतो, म्हणून बोटी बांधायला कायमचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, आले. 1979 मध्ये भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत, बेटाभोवतीचा सगळा समुद्र सागरी उद्यान झाला.

या पाणबुड्याचे हात पाहा, उघडे आहेत. हातमोज्यांना इथं मनाई. मोजे असले की माणूस बिनदिक्कत प्रवाळाला धरतो. पाण्यात उतरण्याआधी उद्यानाचं शुल्क भरायचं, नियम समजून घ्यायचे, मग पहिली डाइव्ह सरावाची.

2023 पासून प्रवाळांचा एक घातक रोग इथंही आला आहे. तो पसरू नये म्हणून डायव्हिंगचं साहित्य निर्जंतुक करून घ्या.

(दृश्य : ब्रांदारिस, निवडुंग)

शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवू नका. डाइव्हमध्ये अंगात साठलेला नायट्रोजन निघून जायला विमानाआधी निदान 18 तास मोकळे हवेत. तो दिवस वॉशिंग्टन स्लागबाय उद्यानाला द्या. समोरचा ब्रांदारिस डोंगर 241 मीटरचा, बेटावरचा सर्वांत उंच. सकाळीच चढायला लागा आणि पाणी भरपूर घ्या. वाटेत सावली नावालाच आहे.